शेठ प्रेमचंद रायचंद आणि मुंबईचें विद्यापीठ

भायखळ्याच्या रेजिना पाचिस कॉन्व्हेंटचें नांव आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. अनाथ मुलींस आसरा देणारी ही वास्तु मूळची एका जैन व्यापाऱ्याचा बंगला होय, हें मात्र पुष्कळांस माहीत नसेल. ते गृहस्थ म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद.

त्यांचा जन्म १८३१ सालीं सुरतेस झाला. मुंबईंत येऊन ते दलालींत शिरले, व इंग्रजी जाणणारा देशी दलाल त्या काळीं विरळा असल्यामुळें लौकरच पुढें आले. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल चढलें. पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या मंडळ्या, नव्या पेढ्या व त्यांचे शेअर ह्यांनीं शहरास वेड लाविलें. ह्या सट्ट्याचे मुकुटमणि प्रेमचंदच होते.

इकडे १८५७ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठास स्वतःचें घर नव्हतें. टाउन हॉलच्या आश्रयानें त्याचें काम चाले. १८६३ सालीं कावसजी जहांगीर ह्यांनीं सभागृहासाठीं एक लाख रुपये देऊं केले. पुढच्याच वर्षीं ऑगस्टांत प्रेमचंदांनीं ग्रंथालयासाठीं दोन लाख रुपये दिले, आणि ऑक्टोबरांत घड्याळाच्या मनोऱ्यासाठीं आणखी दोन लाख. मनोऱ्यास आपल्या आईचें, राजाबाईचें, नांव द्यावें एवढीच त्यांची इच्छा. दृष्टि गेलेल्या त्या माउलीस सूर्यास्तापूर्वीं जेवणाची वेळ घंटेवरून कळावी म्हणून हा खटाटोप, असें लोक सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, गोड आहे खरी.

१८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापूस कोसळला, व त्याच्या पाठोपाठ शेअरही. हजारों कुटुंबें धुळीस मिळालीं. खुद्द बँक ऑफ बाँबे बुडाली. तिचा पैसा सट्ट्यांत ओतला जाण्यांत प्रेमचंदांचा हात होता, आणि चरित्रकारानें हें झांकूं नये. तेही स्वतः बुडाले. विद्यापीठाला दिलेले चार लाख मात्र वेळींच त्यांच्या हातांतून सुटलेले होते, म्हणून वांचले. तेच आणखी दोन वर्षें तिजोरींत राहते, तर आज त्यांचा मागमूसही न उरता!

इमारतीचे नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्यांनीं विलायतेंत बसून काढले. मुंबई त्यांनीं कधीं पाहिलीही नाहीं. १८६९ सालीं पाया घातला गेला व १८७८ सालीं कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा २८० फूट उंच मनोरा उभा राहिला. सुमारें साडेपांच लाख रुपये खर्च आला. २०१८ सालीं त्या परिसरास जागतिक वारशाचा मान मिळाला.

शेठजींनीं आपली जिंदगी सावकारांच्या हवालीं केली व साधेपणानें राहून पुन्हां दलाली आरंभिली. पूर्वींचें वैभव फिरून आलें नाहीं, परंतु बाजारांत पत आली. १९०६ सालीं ते वारले.

कलकत्त्याच्या विद्यापीठासही १८६६ सालीं त्यांचे दोन लाख मिळाले होते. त्यांतून निघालेली शिष्यवृत्ति शिवचरित्र लिहिणाऱ्या यदुनाथ सरकारांनीं मिळविली. त्यांच्या आधीं ती आशुतोष मुखर्जींस लाभली होती. शेठजी निवर्तले त्याच वर्षीं आशुतोष त्या विद्यापीठाचे कुलगुरु झाले.