गाजर-मुळाही प्रतिसाद देतात, हे पटवायला जगदीशचंद्र बोस लंडनच्या रॉयल सोसायटीत उभे राहिले होते

नवी मुंबईत नेरूळला लागून सारसोळे आहे. खाडी, जेट्टी आणि तिवरांचं रान. मुळं जमिनीत खाली जातात हे आपण शाळेत शिकतो, पण तिवराची श्वसनमुळं चिखलातून सरळ वर येतात. लाजाळूला बोट लावलं की पानं क्षणात मिटतात. बोटाचा स्पर्श हे उद्दीपन, पानं मिटणं हा प्रतिसाद. तिवराची मुळंही प्रतिसादच देतायत, गुरुत्वाकर्षणाला. फक्त ते इतकं हळू चालतं की उभं राहून बघता येत नाही.

जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजायचं कसं, यात एका माणसानं अर्धं आयुष्य घालवलं. जगदीशचंद्र बोस.

जन्म 30 नोव्हेंबर 1858, आजच्या बांगलादेशात. वडील सरकारी अधिकारी, पण पोराला आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे लंडनला डॉक्टरकी शिकायला गेले, तब्येतीनं साथ दिली नाही, म्हणून केंब्रिजला विज्ञान शिकले. 1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे गोऱ्यांपेक्षा कमी पगार म्हटल्यावर त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही, शिकवत मात्र राहिले. शेवटी सरकारनं थकबाकीसकट पूर्ण पैसे दिले.

मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. रेडिओ लहरींवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की लहरी पकडणारं उपकरण सतत वापरलं की मंद होतं आणि विश्रांती दिली की पुन्हा नीट चालतं. अगदी थकलेल्या स्नायूसारखं. मग मधल्या वनस्पतींचं काय?

लाजाळूचं सगळ्यांना मान्य होतं. बोसांनी साधी झाडं घेतली. गाजर, मुळा, सलगम. चिमटा किंवा धक्का दिला की त्यांच्यातही विजेचा सूक्ष्म बदल दिसायचा. क्लोरोफॉर्म दिलं की तो मंदावायचा.

जून 1901 मध्ये त्यांनी हे रॉयल सोसायटीत करून दाखवलं. समोर होते बर्डन सँडरसन, शरीरक्रियाशास्त्रातलं मोठं नाव. गंमत म्हणजे कीटकभक्षी वनस्पतीतले विजेचे संकेत 1873 मध्ये याच सँडरसननी नोंदवले होते! पण साध्या झाडात ते असतील हे त्यांना मान्य नव्हतं. ‘प्रतिसाद’ हा शब्दच काढा, असं सुचवण्यात आलं. बोसांनी नकार दिला आणि निबंधाचं प्रकाशन अडलं. 1902 मध्ये लिनियन सोसायटीनं त्यांचं काम स्वीकारलं.

पुढे त्यांनी यंत्रांवर भर दिला. क्रेस्कोग्राफ झाडाची वाढ दहा हजार पटींपर्यंत मोठी करून दाखवायचा. 1917 मध्ये त्यांनी कलकत्त्यात स्वतःची संस्था काढली. त्यांचं चरित्र लिहिलं पॅट्रिक गेडिस यांनी. ते 1920 मध्ये आलं, तेव्हा गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. त्याच वर्षी रॉयल सोसायटीनं बोसांना फेलो केलं.

बोसांचं सगळंच टिकलं असं नाही. झाडांना प्राण्यांसारख्या नसा असतात, हे विज्ञानानं मानलेलं नाही. ‘झाडांना वेदना होतात’ म्हणत त्यांच्या नावानं फिरणारे फॉरवर्ड तर फारच पुढे जातात; झाडाला मेंदू नसतो. पण विजेचे संकेत खरे निघाले. लाजाळूला स्पर्श झाला की असा संकेत देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागात पोहोचतो, तिथल्या पेशींमधून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं आणि पान खाली पडतं.

23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहमध्ये बोस गेले. एकोणऐंशीवा वाढदिवस आणि संस्थेचा विसावा वर्धापनदिन, दोन्ही एकाच दिवशी, एका आठवड्यावर आले होते.