ज्या जंतूने कोंबड्या मारल्या, त्याचीच लस केली. लुई पाश्चर यांची कहाणी

संध्याकाळी खुराड्यात कोंडताना कोंबड्या धडधाकट होत्या. सकाळी दार उघडलं तर दोन-तीन मरून पडलेल्या. उरलेल्यांतल्या काही पिसं फुलवून, मान खाली घालून बसलेल्या. तुरा निळसर पडलेला, चोचीतून चिकट लाळ गळतेय, पातळ हगवण सुरू. कोंबड्या पाळणाऱ्या बऱ्याच घरांनी असा दिवस पाहिलेला असतो. असा घाला घालणाऱ्या रोगांपैकी एक म्हणजे फाऊल कॉलरा. नावात कॉलरा असला तरी माणसाच्या पटकीशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा जंतूच वेगळा, आणि त्या जंतूला एका माणसाचं नाव आहे. पाश्चुरेला, म्हणजे पाश्चर यांचा जंतू.

दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड असा शब्द छापलेला असतो, तो याच माणसाच्या नावावरून. पण दुधापेक्षाही मोठं काम त्यांच्या हातून कोंबड्यांवर झालं. एकाच जंतूचा मारणारा वाण आणि न मारणारा वाण त्यांनी समोरासमोर ठेवले, आणि तिथून प्रयोगशाळेत लस तयार करण्याचा रस्ता उघडला.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या डोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले सैनिक. पुढे ते कातडी कमावण्याचा धंदा करू लागले. लुईंचं बालपण आर्ब्वा या छोट्या गावात गेलं. १८३१ मध्ये त्या भागात एक पिसाळलेला लांडगा सुटला आणि त्याने अनेकांना चावे घेतले. त्या वेळी औषध काय, तर लोहाराच्या भट्टीत लोखंड लाल करायचं आणि जखमेवर डाग द्यायचा. आठ-नऊ वर्षांच्या लुईने हे दिवस गावात राहून पाहिले.

सोळाव्या वर्षी शिकायला पॅरिसला गेला, तर घरच्या आठवणीने जीव कासावीस झाला आणि पोरगा परत आला. पण पुन्हा गेला, शिकला आणि रसायनशास्त्रज्ञ झाला. पाश्चर डॉक्टर नव्हते की जनावरांचे वैद्यही नव्हते. बीटापासून दारू गाळणाऱ्यांची दारू का नासते, द्राक्षाची वाइन का आंबट होते, रेशमाचे किडे का मरतात, असे शेतकऱ्यांचे आणि कारखानदारांचे प्रश्न ते सोडवत गेले. प्रत्येक ठिकाणी खोलात गेलं की डोळ्याला न दिसणारा सूक्ष्म जीव सापडायचा.

घरात मात्र दुःख पाठ सोडत नव्हतं. त्यांच्या पाच लेकरांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. थोरली जान १८५९ मध्ये विषमज्वराने, दोन वर्षांची कामी १८६५ मध्ये, आणि सेसिल १८६६ मध्ये पुन्हा विषमज्वरानेच. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावं अंग कायमचं अधू झालं. पत्नी मारी त्यांचं लिखाण उतरवून घ्यायच्या, तर प्रयोगातली नाजूक कामं सहकारी करायचे. कोंबड्यांचं काम सुरू झालं ते त्यानंतर दहा वर्षांनी.

कोंबडीच्या सुपात वाढवलेला जंतू

१८७८ च्या सुमारास फ्रान्स आणि इटलीतल्या पशुवैद्यांना या रोगाने मेलेल्या कोंबड्यांच्या रक्तात बारीक ठिपक्यांसारखे जंतू दिसू लागले होते. तुलूज इथले पशुवैद्य आंरी तूसें यांनी त्याचा नमुना पाश्चर यांच्याकडे पाठवला. पाश्चर यांनी तो वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. सगळ्यात चांगला वाढला तो कोंबडीच्या मांसाच्या सुपात. दही लावताना जुन्या दह्याचं विरजण घेतात, तसा एका बाटलीतला थेंब दुसऱ्या बाटलीत, दुसरीतला तिसऱ्या बाटलीत. असे कितीही फेरे केले तरी शेवटच्या बाटलीतला थेंब कोंबडीला टोचला की ती मरायचीच. याचा अर्थ रोग सुपामुळे होत नव्हता. तो जंतूच करत होता.

एक विचित्र गोष्टही दिसली. तोच जंतू गिनीपिगला टोचला तर तो बहुतेक वेळा मरत नसे. टोचल्या जागी गळू यायचं, पू व्हायचा आणि प्राणी बरा व्हायचा. पण त्या पुवात जिवंत जंतू असायचे. शेजारी कोंबड्या असल्या तर त्यांना तो रोग लागायचा आणि त्या मरायच्या. वरून निरोगी दिसणारा प्राणीही रोग पसरवतो, हे इथे उघड झालं.

जुन्या बाटलीची गोष्ट

पुढची गोष्ट पुस्तकांतून अशी सांगितली जाते. १८७९ च्या उन्हाळ्यात सगळे सुटीवर गेले आणि जंतूंच्या बाटल्या तशाच पडून राहिल्या. परत आल्यावर त्या जुन्या बाटलीतला थेंब कोंबड्यांना टोचला. कोंबड्या थोड्या आजारल्या, पण मेल्या नाहीत. मग त्यांनाच ताजा, जहाल जंतू टोचला, तरी त्या तगल्या. नव्या आणलेल्या कोंबड्या मात्र त्याच ताज्या जंतूने मेल्या.

ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण खरं काम इतक्या सहज झालेलं नाही. पाश्चर यांच्या प्रयोगांच्या वह्या कुटुंबाकडे होत्या. नातवाने १९६४ मध्ये त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. त्या वाचणाऱ्या अभ्यासकांना दिसलं की १८७९ च्या हिवाळ्यात पाश्चर आणि त्यांचे तरुण सहकारी एमिल रू जुन्या बाटल्यांवर मुद्दाम प्रयोग करत होते. हे एका विसरलेल्या बाटलीचं नशीब नव्हतं. ती अनेक महिन्यांची चिकाटी होती, आणि त्यात रू यांचा वाटा मोठा होता.

९ फेब्रुवारी १८८० रोजी पाश्चर यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर हिशेब मांडला. चाळीस कोंबड्या घ्या. वीसांना जहाल जंतू टोचला तर वीसही मरतात. उरलेल्या वीसांना दुबळा जंतू टोचला तर त्या आजारतात, पण मरत नाहीत. त्या बऱ्या झाल्यावर त्यांनाच जहाल जंतू टोचला, तरी त्या जगतात.

दिसायला सारखे, गुणाला वेगळे

ज्वारीचे जसे वाण असतात तसे जंतूचेही असतात. शास्त्रज्ञ त्यांना स्ट्रेन म्हणतात. पाश्चर यांच्यापुढे अडचण अशी होती की सूक्ष्मदर्शकाखाली मारणारा वाण आणि न मारणारा वाण जवळपास सारखेच दिसायचे. नुसतं बघून सांगता येत नव्हतं. सांगायची ती कोंबडी.

मग त्यांनी पायऱ्या मोजल्या. एका बाटलीतून दुसरीत विरजण घालण्यात जितके जास्त महिने जाऊ दिले, तितका जंतू दुबळा होत गेला. आधी तो दहातल्या दहा कोंबड्या मारायचा. मग आठ, मग पाच, मग एक, आणि शेवटी एकही नाही. यातल्या कुठल्याही पायरीवरचा जंतू भराभर नव्या सुपात घालत गेलं, तर तो त्याच पायरीवर टिकायचा. म्हणजे हा नुसता थकलेला जंतू नव्हता. तो वेगळा वाणच झाला होता.

जंतू दुबळा कशाने झाला? पाश्चर यांनी सूप काचेच्या नळीत भरलं आणि नळी वितळवून बंद केली. आत हवा जाईना. महिन्यांनंतर नळी फोडली तर जंतू तितकाच जहाल. उघड्या हवेतला मात्र दुबळा झालेला. त्यावरून त्यांनी हवेतल्या प्राणवायूला कारण मानलं.

पण दुबळा वाण कायम दुबळाच राहील याची खात्री नव्हती. कोंबडीला न मारणारा जंतू चिमण्या आणि कॅनरीसारख्या लहान पक्ष्यांत टोचला, एकातून दुसऱ्यात नेत राहिलं, की त्याची धार परत यायची. गेलेला रोग काही काळाने पुन्हा का उसळतो, याचं उत्तर त्यांना त्यात दिसलं.

आज जंतूंच्या जीनपर्यंत तपास पोहोचला आहे. कोंबड्यांत हा रोग करणाऱ्या बऱ्याच जहाल वाणांवर एक चिकट कवच असतं. कवचामुळे कोंबडीच्या रक्तातल्या रक्षक पेशींना जंतू सहज गिळता येत नाही. प्रयोगशाळेत कवच बनवणारा जीन बंद केला की तोच वाण दुबळा पडतो. कोंबड्यांतले सौम्य आणि जहाल वाण शेजारी ठेवून तपासले, तेव्हा जहाल वाणांत शेकडो जास्तीचे जीन सापडले. त्यातले काही शरीरातली साखर वापरण्याच्या कामाचे आहेत. पाश्चर यांना यातलं काही माहीत नव्हतं. पण दोन वाण शेजारी ठेवून फरक शोधायची पद्धत त्यांचीच.

मोठेपणाला लागलेला डाग

पाश्चर स्वभावाने तापट आणि आपलं गुपित जपणारे. फेब्रुवारीत शोध सांगितला, पण दुबळा जंतू कसा केला ते ऑक्टोबरपर्यंत सांगितलं नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये वैद्यक अकादमीत झ्यूल गेरँ या ऐंशीच्या घरातल्या डॉक्टरांशी त्यांची अशी जुंपली की गेरँ यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. पुढे पत्र लिहून ते मिटवावं लागलं.

१८८१ मध्ये पूयी-ल-फोर या गावी त्यांनी काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सच्या लसीची जाहीर परीक्षा दिली. चोवीस मेंढ्या, एक शेळी आणि सहा गुरं यांना लस टोचली. चोवीस मेंढ्या, एक शेळी आणि चार गुरं यांना टोचली नाही. ३१ मे रोजी सगळ्यांना जहाल जंतू टोचला. २ जूनला लोक बघायला जमले तेव्हा लस न टोचलेल्या बहुतेक मेंढ्या मेल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत एकही उरली नाही. लस टोचलेली जनावरं उभी होती. त्यातली एक गाभण मेंढी मात्र नंतर दगावली.

जगभर नाव झालं. पण ती लस हवेने दुबळ्या केलेल्या जंतूची आहे, असाच लोकांचा समज झाला आणि पाश्चर यांनी तो होऊ दिला. वह्यांत मात्र निराळं निघालं. त्या दिवशीची लस सहकारी शाम्बरलां यांनी पोटॅशियम डायक्रोमेट हे रसायन वापरून केली होती. लस खरी होती, मेंढ्याही खरोखर वाचल्या, पण सांगण्यात लपवाछपवी होती.

त्याच जंतूचा उलटा वापर

१८८७ मध्ये ऑस्ट्रेलियात सशांनी पिकं आणि कुरणं फस्त केली होती. न्यू साउथ वेल्स सरकारने उपाय सांगणाऱ्याला २५,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. फाऊल कॉलराचा जहाल वाण सशांनाही मारतो हे पाश्चर यांना ठाऊक होतं. त्यांनी भाच्याला, आद्रियें ल्वार यांना, जंतू घेऊन सिडनीला पाठवलं. ससे मेले, पण पक्षीही मरतात हे दिसल्यावर जंतू मोकळा सोडायला परवानगी मिळाली नाही. हेच बरं झालं. कारण मोकळ्या रानात सोडलेला जंतू परत बोलावता येत नाही.

लांडग्याचा चावा आणि मुंबईची प्लेग

६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला नऊ वर्षांचा जोसेफ मायस्टर त्यांच्याकडे आणला गेला. सशाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू सुकवून केलेली लस डॉक्टरांनी त्याला तेरा वेळा टोचली. मुलगा जगला. आर्ब्वाच्या लोहाराकडे तापलेल्या लोखंडाला अखेर पर्याय मिळाला. १८८८ मध्ये लोकवर्गणीतून पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर गेले. पण त्यांच्या संस्थेतला एक माणूस तोवर भारतात पोहोचला होता. वाल्देमार हाफकिन यांनी कोंबड्यांवरचाच धडा घेऊन पटकीच्या जंतूचे दुबळा आणि जहाल असे दोन वाण केले. आधी दुबळा, मग जहाल, अशी लस घेऊन ते १८९३ मध्ये इथे आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा त्यांनी मारलेल्या जंतूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

आपल्या गोठ्याशीही या जंतूचं नातं आहे. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचतात. घटसर्प करणारा जंतू म्हणजे याच पाश्चुरेलाचा दुसरा वाण. कोंबड्यांतला वाण निराळा आणि म्हशीतला निराळा, म्हणून एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

आणि खुराड्यासाठी पाश्चर यांचा गिनीपिग आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. रोगातून वाचलेली कोंबडी दाणे टिपते, अंडी घालते, चांगली दिसते. तरी तिच्या नाका-घशात जंतू राहू शकतो आणि नव्या पिल्लांना लागू शकतो. म्हणून मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकायची नाही, खोल पुरायची. साथीतून वाचलेल्या कोंबड्यांत नव्या आणून सोडायच्या नाहीत. असाच घाला मानमोडीसारख्या दुसऱ्या रोगांतही पडतो, त्यामुळे आपल्या अंदाजाने औषध देण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात ताजी मेलेली कोंबडी तपासून घ्यायची. जहाल वाण आणि सौम्य वाण नुसत्या डोळ्यांनी ओळखणं पाश्चर यांनाही जमलं नव्हतं.