डोकं ठणकायचं, काहीच आठवायचं नाही; कारण सापडलं लघवीत! आल्फ्रेड श्टोक यांची गोष्ट

नामवंत शास्त्रज्ञ, वय पन्नाशीच्या आत. पण सतत डोकं ठणकतंय, चक्कर येतेय, नाक चोंदलंय आणि आत्ता वाचलेलं लगेच विसरायला होतंय. वर्षानुवर्षं उपचार झाले, कारण काही सापडेना.

हे होते जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक. १८७६ साली डान्झिगमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षण बर्लिनमध्ये झालं. पुढे बोरॉन आणि हायड्रोजनच्या संयुगांवरच्या कामामुळे ते जगभर ओळखले जाऊ लागले.

यातली काही संयुगं हवा लागताच पेट घेतात. म्हणून श्टोक यांनी काचेच्या नळ्यांची बंदिस्त यंत्रणा उभारली. तिचे पंप, व्हॉल्व्ह आणि दाब मोजायची साधनं पाऱ्यावर चालायची.

घोळ इथंच झाला. खोलीच्या साध्या तापमानालाही पाऱ्याची वाफ होते. ती दिसत नाही, तिला वासही नसतो. श्टोक ती कित्येक वर्षं श्वासातून आत घेत होते.

सहकाऱ्यांनाही तसाच त्रास सुरू झाला, तेव्हा विषतज्ज्ञ लुई लेविन यांना पाऱ्याचा संशय आला. तपासणी झाली. प्रयोगशाळेच्या हवेत पारा निघाला आणि लघवीतही.

लघवीत का? श्वासातून गेलेला पारा रक्तात उतरतो, मूत्रपिंडात साठतो आणि थोडाथोडा लघवीवाटे बाहेर पडतो. पण हे प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असतं. १ मायक्रोग्रॅम म्हणजे १ ग्रॅमचा दहा लाखावा भाग! इतका कमी पारा मोजायच्या पद्धती श्टोक यांनी पुढे स्वतःच विकसित केल्या.

१९२६ मध्ये त्यांनी आपलं दुखणं लेख लिहून जाहीर केलं. बुद्धीवर ज्याचं नाव उभं आहे, त्यानं आपली स्मरणशक्ती गेल्याचं जगाला सांगणं सोपं नव्हतं. पण प्रयोगशाळेत खेळती हवा ठेवा, सांडलेला पारा लगेच गोळा करा, हे ते सांगत राहिले. १९४६ मध्ये त्यांचं निधन झालं.

पाऱ्याच्या वाफेशी संबंध येणाऱ्या कामगारांची आजही लघवी तपासली जाते. माशांमधून शरीरात जाणारा पारा मात्र रक्तात किंवा केसांत शोधावा लागतो.

डोकेदुखी आणि विसराळूपणाला शंभर कारणं असतात. म्हणून डॉक्टरांकडे गेलात, तर कुठं दुखतंय याबरोबर काम काय करता, हेही नक्की सांगा.