भास्कराचार्यांचं त्रैराशिक आणि शेल स्क्रिप्टची आर्ग्युमेंट्स

मी चाळीसगावचा. आमच्या जवळच्या पाटणादेवीला लोक दर्शनाला आणि पावसाळ्यात फिरायला जातात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी मात्र तिथलं आणखी एक नाव ओळखायला हवं : भास्कराचार्य.

त्यांचा जन्म १११४ सालचा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'.

'लीलावती'त त्रैराशिक आहे. तीन राशी ठरलेल्या जागी मांडायच्या : आधी प्रमाण, मध्ये फळ, शेवटी इच्छा. फळाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. आपण जळगावचं उदाहरण घेऊ. १२ केळी ६० रुपयांना, तर ३० केळी कितीला? १५० रुपये.

हेच स्क्रिप्टने करायचं तर बॅश आणि झेड-शेलमध्ये पहिलं आर्ग्युमेंट डॉलर १, दुसरं डॉलर २, तिसरं डॉलर ३. फिश शेलमध्ये सगळी आर्ग्युमेंट्स 'आर्ग-व्ही' नावाच्या यादीत येतात. चौकटी कंसात क्रमांक देऊन हवं ते उचलायचं.

आता १२ आणि ६० ची अदलाबदल झाली तर? उत्तर येतं ६ रुपये, आणि कुठलाच शेल तक्रार करत नाही. त्याला फक्त जागा कळते, केळी आणि रुपये यांतला फरक कळत नाही. भास्कराचार्यांनी प्रत्येक जागेला नाव दिलं, शिवाय जातही सांगितली : टोकाच्या दोन राशी एका जातीच्या, मधली वेगळी. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच डॉलर १ ला 'प्रमाण', डॉलर २ ला 'फळ' असं नाव देऊन टाका. पुढचा हिशोब वाचतानाच चूक दिसते.

ते पुढे पंचराशिकापासून एकादशराशिकापर्यंत जातात, म्हणजे ११ राशी. इथे शेल वेगळे वागतात. बॅशमध्ये नुसतं डॉलर ११ लिहिलं तर पहिलं आर्ग्युमेंट आणि त्याला चिकटलेला १ मिळतो; ११ हा आकडा महिरपी कंसात घालावा लागतो. झेड-शेल सरळ अकरावं देतो.

जागा सरकण्याचा धोका आणखी एक. 'केळी हिशोब' असं फाइलचं नाव डॉलर १ मध्ये आलं आणि ते अवतरणाशिवाय पुढच्या कमांडला दिलं, तर बॅश त्याचे दोन तुकडे करतो आणि मागची सगळी आर्ग्युमेंट्स एकेक घर पुढे जातात. झेड-शेल आणि फिश तसे तोडत नाहीत. बॅशमध्ये दुहेरी अवतरण घालायचंच.

११८३ मध्ये भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. पुढे त्यांचा नातू चांगदेव सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला. पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

मी हे तिन्ही शेल चाळीसगाव-धुळे गाडीत बसून फोनवर, टर्मक्समध्ये तपासतो. तुम्हीही केळ्यांचा हिशोब टाकून बघा. मुद्दाम क्रम उलटा द्या.