न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : कमाई आणि कर्तव्य

आपल्या शिक्षणाने, धंद्याने व दानाने समाजाचे अधिकात अधिक भले कसे करावे, याचा धडा मरहूम न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या चरित्रातून मिळतो.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत व्यापारी घराण्यात झाला. वडील तय्यबअली यांनी मुलांना पेढीवर बसविण्याची घाई न करता विलायतेस शिकावयास पाठविले. १८६० साली गेलेल्या बद्रुद्दीन यांना डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परतावे लागले. परंतु ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

समाजसेवेसाठी त्यांनी वकिली सोडली नाही. उलट वकिलीने दिलेला पैसा, कायद्याचे ज्ञान व सरकारदरबारी असलेले वजन हीच त्यांच्या सेवेची साधने ठरली. १८७४ साली वडीलबंधू कमरुद्दीन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. एकट्याची थैली कितीही मोठी असली तरी ती रिती होते. म्हणून त्यांनी अनेकांच्या देणग्या व सरकारी मदत एका कामी लावली. १८८० साली शाळा सुरू झाली आणि १८९३ साली बोरीबंदरासमोर तिची भव्य इमारत उभी राहिली. आपल्या मुलींनाही त्यांनी शिकविले.

१८८७ साली मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १८९५ साली न्यायमूर्ती झाल्यावर, आधी नाकारला गेलेला लोकमान्य टिळकांचा जामीन त्यांनी १८९७ साली मंजूर केला. अधिकाराची जागा योग्य माणसाच्या हाती असली म्हणजे काय घडते, हे त्यावरून दिसते.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. अंजुमनच्या शाळा-महाविद्यालयांतून मात्र आजही हजारो मुलेमुली शिकत आहेत.

आपल्या रांजणगावात कारखान्यांमुळे मुलांना लवकर काम मिळते. घरची गरज असेल तर ते काम मुळीच हलके नव्हे. पण ज्या घराला आणखी दोन-चार वर्षे कळ काढता येईल, त्याने मुलाला व मुलीला पुढे शिकवावे. ज्यांना दोन पैसे देता येतील, त्यांनी भुकेल्याला घास द्यावाच, पण चार घरांनी मिळून एखाद्या गरजू विद्यार्थ्याचे शिक्षणही पुरे करावे. आणि जो शिकून मोठा होईल, त्याने मागच्याचा हात धरावा.