बेलवडीची मल्लम्मा आणि दुधाची वाटी

चोर्ला घाट चढून बेळगावला आणि तेथून पुढे धारवाडकडे जाणाऱ्या गोमंतकीयाला कित्तूर ठाऊक असते. राणी चन्नम्माचे नाव त्याने ऐकलेले असते, तिची समाधी बैलहोंगलला आहे हेही कदाचित माहीत असते. त्याच बैलहोंगलच्या परिसरात बेलवडी नावाचे गाव आहे. चन्नम्माने 1824 मध्ये इंग्रजांशी झुंज दिली; तिच्या सुमारे दीडशे वर्षे आधी या बेलवडीत आणखी एका स्त्रीने शस्त्र उचलले होते, आणि तेही साक्षात शिवछत्रपतींच्या सैन्याविरुद्ध. कन्नड मुलूख तिला मल्लम्मा म्हणतो. मराठी इतिहासात ती सावित्रीबाई देसाईण या नावाने येते.

मल्लम्मा ही सोंद्याच्या राजघराण्याची कन्या, असे परंपरा सांगते. सोंदे हे गोव्याला परके नाव नव्हे. पुढे हैदरअलीने राज्य घेतल्यावर या घराण्याने गोव्याचा आश्रय घेतला आणि फोंड्याजवळ बांदिवडे येथे वस्ती केली. म्हणजे मल्लम्माच्या माहेरची माणसे अखेर आपल्याच भूमीत विसावली. माहेरी तिला अक्षरांबरोबर तलवार, तिरंदाजी आणि घोड्याची मांड यांचेही शिक्षण मिळाले. विवाह बेलवडीच्या ईशप्रभू देसायांशी झाला. सासरी तिने स्त्रियांचे पथक उभारले, ही आख्यायिका त्या भागात आजही आवडीने सांगितली जाते. पथकातील स्त्रियांची संख्या प्रत्येक सांगणाऱ्यागणिक वाढते, तो भाग निराळा.

दक्षिण दिग्विजयाहून परतताना, 1678 च्या आरंभी, मराठी सैन्य संपगावच्या बाजूला होते. सामानवाहू बैल बेलवडीकरांनी पळवले आणि त्यातून वेढा पडला. ज्या फौजेपुढे जिंजीचा मुलूख नमला होता, तिला या लहानशा गढीने सत्तावीस दिवस अडवून धरले. त्या फेब्रुवारीत राजापूरच्या इंग्रज वखारीतून गेलेल्या पत्रातही याचे नवल उमटले आहे: एवढी राज्ये जिंकणाऱ्याला एक देसाईण आवरत नाही, अशा आशयाचे. कन्नड परंपरेनुसार ईशप्रभू या युद्धात पडले आणि मग मल्लम्मा स्वतः घोड्यावर बसली. काही मराठी वृत्तांतांत ती आधीपासूनच विधवा आहे. अन्नधान्य आणि दारूगोळा सरला, ती बाहेर पडून लढली आणि पकडली गेली. सखूजी गायकवाड या सरदाराने तिची विटंबना केली व महाराजांनी त्याला कठोर शासन केले, असेही नमूद आहे.

इथपर्यंतची कथा शौर्याची आहे. मल्लम्मापाशी त्या वेळी तान्हे मूल होते, ही गोष्ट मात्र इतिहासाच्या पुस्तकांत दोन शब्दांत आटोपते. वेढ्यात अडकलेल्या आईच्या दृष्टीने ती दोन शब्दांची नव्हती. आई उपाशी, जागरणाने थकलेली, दिवसभर तटावर. अशा वेळी बाळाला काय पाजायचे? त्या काळी मार्ग तीनच होते. अंगावरचे दूध, ते न पुरल्यास दूधआई, आणि तीही नसल्यास वाटीने किंवा बोंडल्याने पाजलेले गाईम्हशीचे वरचे दूध. गढीत कोंडलेल्या माणसांची गुरे किती दिवस दूध देणार, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

हा पेच महाराजांनी आपल्या घरातही पाहिला होता. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा सईबाईंचे दूध बाळाला पुरेना. मग कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ हिला दूधआई म्हणून आणले गेले. तिला वर्षाला 26 होनांची नेमणूक मिळाली आणि तिचे पुत्र अंतोजी व रायाजी राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. बाळाला कोण आणि काय पाजते, हा प्रश्न राजवाड्यातही चाकरमाणसांवर सोडून देण्याजोगा मानला जात नव्हता, असाच याचा अर्थ मी लावते.

बेलवडीत पुढे जे घडले ते परंपरेने जपले आहे. महाराजांनी मल्लम्माला सन्मानाने वागवले, तिला बहीण मानले आणि जिंकलेला मुलूख परत केला. तोही बाळाच्या दूधभातासाठी म्हणून. इनाम देण्याची ही जुनी भाषा आहे; साडीचोळीसाठी गाव द्यावे, तसे बाळाच्या ताटासाठी राज्य. यात दात्याचा मोठेपणा दिसतो खरा; पण हरलेल्या बाजूला कमीपणा न आणता देण्याची युक्तीही त्यात आहे. देसाईण स्वतःसाठी काही घेत नव्हती, घेत होते ते मूल.

मल्लम्माने याची आठवण दगडात कोरून ठेवली, असे मानतात. धारवाडजवळच्या यादवाड गावी मारुतीच्या देवळापाशी ते शिल्प आहे. वरच्या भागात घोड्यावर आरूढ झालेले सशस्त्र महाराज. खालच्या भागात तेच महाराज बसलेले. मांडीवर मूल, हातात दुधाची वाटी आणि समोर मल्लम्मा. त्यांच्या हयातीतच घडवलेले हे शिल्प असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

कोणत्या क्षणाची स्मृती ठेवायची, हे ठरवणारी ती स्वतः होती. सत्तावीस दिवसांचा प्रतिकार कोरता आला असता. एखादी वीरपत्नी तेच करती. तिने निवडली ती वाटी. आपल्या मुलखातल्या अनेक गावांत तिने अशी शिल्पे बसवल्याचे सांगतात. आज लोक पाहायला जातात ते यादवाडचे.