यंत्राला शिकवणाऱ्या बाई

सात वर्षांच्या एका मुलीने घरातली सात गजराची घड्याळे एकामागून एक खोलून ठेवली. शेवटी आईने तिला एकाच घड्याळापुरती परवानगी दिली! ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ही मुलगी म्हणजेच ग्रेस हॉपर.

१९३४ साली त्यांनी येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली. व्हासार महाविद्यालयात गणित शिकवताना त्या विद्यार्थिनींना निबंध लिहायला लावीत आणि त्यांतली भाषाही तपाशीत. गणिताच्या तासाला भाषा कशाला, अशी मुलींची कुरकुर असे. पण जे दुसऱ्याला नीट सांगता येत नाही ते गणित व्यर्थ, अशी बाईंची धारणा होती.

महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, त्या नौदलात दाखल झाल्या. हार्वर्डमधील मार्क-१ हे ५१ फूट लांबीचे गणकयंत्र त्यांच्या वाट्याला आले. त्या काळी एकदा जमलेली आज्ञावली पुन्हा हवी असली, तर ती वहीतून हाताने उतरवून घ्यावी लागे, आणि उतरवताना चुका ठरलेल्या. पुढे संगणकाच्या कारखान्यात बाईंना अष्टमान पद्धतीची इतकी सवय जडली, की स्वतःच्या बँकखात्याचा मेळ बसेना. दहाऐवजी आठचा पाया धरून केलेल्या वजाबाक्या अखेर बँकेतल्या भावाने शोधून दिल्या!

हे उतरवण्याचे काम यंत्रानेच का करू नये? या प्रश्नातून १९५२च्या सुमारास 'ए-०' ही प्रणाली जन्मली. क्रमांक सांगावा, आणि यंत्राने फितीवरचे तयार तुकडे शोधून, जोडून आज्ञावली सिद्ध करावी. यंत्राला केवळ आकडेमोड येते, असे मानणाऱ्यांचा विश्वास बसेना. नंतर 'फ्लो-मॅटिक'मध्ये इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येऊ लागल्या. १९५९ साली आखणी सुरू झालेल्या 'कोबोल' भाषेने पुष्कळसे याच प्रणालीतून उचलले.

मग आज्ञावली लिहिणाऱ्यांनी करायचे काय? घडले उलटेच. काम सोपे झाले तशी संगणकाकडून अपेक्षा वाढली आणि लिहिणारे हातही वाढले.

१९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बाई रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज साध्या बोलीत मागणी सांगितली तरी यंत्र आज्ञावली लिहून देते. तोच प्रश्न आज पुन्हा उभा आहे आणि या वेळी उत्तर तेच येईल, याची हमी कोणी द्यावी? मात्र आपल्याला नेमके काय हवे, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगणे आणि मिळालेले पारखून घेणे आपल्याकडेच उरले आहे. व्हासारच्या त्या मुलींचे निबंध वाया गेले नव्हते!